शेर, पौंड आणि वाटी

माझ्याकडे शाळेत इतिहास आणि मराठी हे दोन विषय आहेत. परंतु गेली काही वर्षे मुले मला ओळखतात ती 'खिचडीचे सर' म्हणून. शालेय पोषण आहाराची नोंदवही माझ्या ताब्यात असते, हे त्याचे कारण. रोज हजेरी झाली की वर्गवार उपस्थितीची चिठ्ठी येते, तिच्यावरून गुणाकार करून तांदूळ व डाळ मोजून द्यायची आणि वहीत उतरवायची. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. हे आकडे मला आता पाढ्यासारखे पाठ झाले आहेत.

एके दिवशी सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, तीसच ग्रॅम डाळ का? कुणी ठरवलं?" शासनाने ठरविले, असे उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. इतिहासाच्या शिक्षकाला हे उत्तर शोभणारे नव्हते. माणसाला दिवसाला किती अन्न पुरते हे कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा ठरविलेच असणार, आणि ते कशासाठी ठरविले यालाही इतिहास असणार. त्या मुलीला जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना शेर, पायली, चिपटे, मापटे हे शब्द माहीत असतील. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, अशी ती चढण होती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे आली आणि पुढील काही वर्षांत ही जुनी मापे बाजारातून उठली. पण खेडोपाडी कणगीशेजारी ती बरीच वर्षे पडून होती. या मापांत एक गंमत होती. गावागावाचा शेर वेगळा. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, असाही प्रकार चाले. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगीच रूढ झालेला नाही.

ही मापे धान्याची होती, माणसाच्या पोटाची नव्हती. पोटाचे माप सांगणारा जुना शब्द म्हणजे शिधा. शिधा म्हणजे न शिजविलेले, मोजून दिलेले अन्न. नोकर, पाहुणा, प्रवासी, कामावरील कारागीर यांना तो मिळे. शिध्यात नुसते धान्य नसे. तांदूळ किंवा पीठ असे, त्याबरोबर डाळ, तूप, मीठ, मसाला असे. आहारशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता आपल्या पूर्वजांनी धान्याशेजारी डाळ व स्निग्ध पदार्थ मांडून ठेवले होते, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र ज्याचा जसा दर्जा तसा त्याचा शिधा, हेही तितकेच खरे. तुपाचे माप माणूस पाहून कमीजास्त होई.

या संदर्भात आपल्या घरी दर रमजानला निघणाऱ्या फित्र्याची आठवण होते. तिथेही माणशी माप आहे. खजूर किंवा जव एक साअ, असे ते मूळ माप. लहान-मोठा, स्त्री-पुरुष, सर्वांमागे ते सारखेच. घरात तान्ही मुलगी असली तरी तिच्या नावाने घरच्या कर्त्याइतकेच धान्य मोजायचे. गरिबाच्या घरी ईदच्या दिवशी चूल पेटावी यासाठी हे माप आहे. पुढील हकिकत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

सरकारी कागदावर माणसाच्या पोटाचे माप ठळकपणे उमटले ते १८७७ साली, आणि तेही दुष्काळात. १८७६ चा पाऊस दक्षिणेत बुडाला. सोलापूर, विजापूर, सातारा, पुणे, नगर हा सर्व भाग होरपळला आणि खाली मद्रास इलाख्यात तर हाहाकार उडाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. खर्च आवरण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेम्पल यांना जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी भागात पाठविले. टेम्पल यांची पूर्वपीठिका मोठी विलक्षण आहे. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला आणि माणसे वाचविली. त्याबद्दल शाबासकी मिळायची ती राहिली, उलट उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला. त्या ठपक्याचा धडा त्यांनी नको तितका मनावर घेतला असावा. कारण १८७७ मध्ये त्यांनी दिवसभर काम करणाऱ्या पुरुष मजुराची मजुरी ठरविली ती अशी : एक पौंड धान्याची किंमत, आणि वर अर्धा आणा.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आपल्या ८० तोळ्यांच्या शेराच्या निम्म्याहून थोडे कमी. ज्वारीचा हिशेब केला तर त्यातून सुमारे १५८० कॅलरी मिळतात. २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज ३४७० कॅलरी धरली आहे. खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसाला निम्म्याहून कमी! वरच्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण जे काय भागेल ते भागवायचे.

याला विरोध झाला, आणि तो दोन बाजूंनी झाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हे माप अपुरे असल्याचे सरकारला लेखी कळविले. त्यांचे म्हणणे, धान्य दीड पौंड तरी हवेच, आणि नुसत्या धान्याने भागणार नाही, त्याबरोबर डाळ व भाजीपाला पाहिजे. टेम्पल यांना शास्त्रज्ञांची ही मते अद्याप वादग्रस्त वाटत होती. तुरुंगातील सक्तमजुरीच्या कैद्याला यापेक्षा अधिक अन्न मिळते, हा आक्षेपही त्या वेळी घेतला गेला. दुसरा विरोध आपल्या मुंबई इलाख्यातला. इथे आधी थोडी बरी मजुरी मिळत होती; ती कापून एक पौंडाचे माप लागू होताच हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा हा संपच होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ होते, तिने मजुरांची बाजू घेऊन दुष्काळाची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांचा पाठपुरावा केला. त्याच वर्षी मद्रासला मजुरी थोडी वाढविण्यात आली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या आणि मजुरी, अन्न, आश्रयगृहे यांचे नियम लिहिले गेले. या नियमांमागे कॉर्निश यांच्या कागदांचा जितका हात आहे तितकाच काम सोडून चालत गेलेल्या त्या निरक्षर मजुरांचा आहे, असे माझे मत आहे. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळही मिळत नाही.

टेम्पल यांच्या मापाचा दोष केवळ ते लहान होते हा नव्हे. ते मोजणाऱ्याच्या मनात प्रश्नच चुकीचा होता. किती दिले म्हणजे माणूस मरणार नाही, असा तो प्रश्न होता. किती दिले म्हणजे माणूस वाढेल, शिकेल, काम करील, हा प्रश्न विचारणारे लोक पुढे आले, आणि त्यांपैकी एक आपल्या कोल्हापूरचेच होते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्याची सूत्रे हाती घेतली आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ व प्लेग ही दोन संकटे एकापाठोपाठ आली. महाराजांनी दुष्काळी कामे काढली, तगाई वाटली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, निराधारांसाठी आश्रम काढले. हे त्या काळच्या चांगल्या राज्यकर्त्याकडून अपेक्षित होतेच. परंतु त्यानंतर त्यांनी जे केले ते वेगळे होते. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहू लागली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, त्यामागून इतर समाजांची बोर्डिंगे, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. मुसलमान मुलांना प्रथम मराठा बोर्डिंगातच घेतले गेले आणि १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम बोर्डिंगची व्यवस्था झाली. सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

आपण या वसतिगृहांकडे शिक्षणाच्या इतिहासातील घटना म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु बोर्डिंग म्हणजे काय? चार भिंती, कंदील आणि दोन वेळचे जेवण. खेड्यातला मुलगा शाळा सोडत असे तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. शहरात त्याला भाकरी कोण घालणार हा प्रश्न सुटत नसे म्हणून. जेवणाची सोय झाली की शिक्षणाची निम्मी सोय झाली, हे ज्यांना कळले त्यांनी शाळेच्या आधी कोठीचा विचार केला. कोल्हापुरात शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हेच सूत्र पुढे साताऱ्याला नेले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकालाही हात लावीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कोठीत धान्य नाही आणि मुले उपाशी राहणार, असा प्रसंग आला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

इकडे हे चालू असताना तिकडे नीलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन उंदरांना जेवू घालीत होते. गंमत वाटेल, पण हा आपल्या आहाराच्या इतिहासातील फार महत्त्वाचा प्रयोग आहे. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे खातात तेच त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना दिले आणि त्यांची वाढ मोजली. शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांना कोंड्यासह गव्हाची चपाती, दूध, डाळ, कच्ची भाजी, फळे आणि अधूनमधून मांस मिळत होते. दुसरा क्रमांक पठाणांच्या आहाराचा. तिसरा मराठ्यांचा! सर्वांत मागे राहिला तो मुख्यत्वे पॉलिश केलेल्या तांदळावरचा मद्रासी आहार. कोल्हापूरकराने हा तिसरा क्रमांक ऐकून मिशीला पीळ भरू नये. तो क्रमांक भाकरी, डाळी, भाज्या व दूधदुभते यांचा आहे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा नव्हे.

मॅककॅरिसन यांच्यानंतर १९३५ साली डॉ. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांनी १९३७ साली एक छोटी सरकारी पुस्तिका काढली : हिंदी अन्नपदार्थांतील पोषणमूल्ये आणि समाधानकारक आहाराची आखणी. ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, मेथी, शेवगा अशा आपल्या नित्याच्या पदार्थांत काय किती आहे याचे तक्ते तीत होते. धान्याबरोबर डाळ, पालेभाजी, दूध, फळ, स्निग्ध पदार्थ या सर्वांचे माप एकत्र मांडण्याची पद्धत आपल्याकडे यातून रुजली. ती पुस्तिका पुन्हा पुन्हा सुधारून छापली गेली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. माझ्या विद्यार्थिनीच्या तीस ग्रॅम डाळीचे मूळ शोधत गेले तर वाट या तक्त्यांपाशी येते. वरच्या प्राथमिक वर्गातील मुलाला दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, म्हणून तांदूळ इतका, डाळ इतकी, असा तो हिशेब आहे.

शास्त्राने एवढी वाट दाखविली, तरी संकट आले की माप पुन्हा मागे सरकते. दुसऱ्या महायुद्धात २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून गेली. मुंबई त्या आपत्तीतून वाचली, हे रेशनिंगचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु सरकारी समितीने प्रौढ माणसाला रोजचे धान्य किती सुचविले? एक पौंड. तोच टेम्पल यांचा पौंड! १९४६ साली टंचाई वाढली तेव्हा तो १२ औंसांवर आला. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी १९५२ ते १९५४ या काळात नियंत्रणे सैल केली आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. शिधापत्रिका मात्र घराघरांत राहिली. नाव शिध्याचे, पण आतील डाळ आणि तूप गळून गेले. उरले धान्य, साखर आणि रॉकेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. या धान्याने कित्येक चुली पेटत्या ठेवल्या आहेत, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि तेल दिले तेव्हा जुना शब्द थोडासा भरून आल्यासारखा वाटला एवढेच.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, नानीकडून कळली. तिचे माहेर जत तालुक्यातले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत ती होती. आमच्या घरी लाल मिलोचा विषय निघाला की ती तोंड फिरवी. सुकडीविषयी मात्र ती प्रेमाने बोले. कामावरच्या मजुरांना ही गोड, पौष्टिक, कोरडी भुकटी वाटली जाई. नानी म्हणे, "सुकडी कामावरच खायची असा हुकूम होता. पण आम्ही बायका पदरात बांधून घरी न्यायचो, पोरांसाठी." मुकादम कामावर मोजून देई आणि ते माप घरी पोहोचेपर्यंत बदले. मोजून घेणारी बाई स्वतः ते खात नसे. ही गोष्ट मी लहानपणी कौतुकाने ऐकली. आता पोषण आहाराची वही लिहिताना ती निराळी वाटते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय आहार योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळे. ते धान्य घरच्या डब्यात मिसळून जाई आणि मुलाच्या पोटात किती गेले याचा हिशेब राहत नसे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि माप प्रथमच मुलाच्या ताटापर्यंत आले. पंगतीत वाढपी ओळखीचा लागतो म्हणतात. शाळेच्या पंगतीत ती गरज नाही; वहीत मुलगा आणि मुलगी असा भेद करणारा रकानाच नाही.

पण ही वही आठवीला संपते. नववीत गेलेल्या मुलीसाठी ना चिठ्ठी येते ना गुणाकार होतो. नेमक्या याच वयात तिच्या शरीराला लोह आणि प्रथिने अधिक लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसणाऱ्या मुली आम्हा शिक्षकांना नवीन नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला इतिहासाच्या प्रकल्पात मी एक काम दिले. सात दिवस आपण काय खाल्ले ते लिहायचे. वजनकाटा नको; भाकरी-चपाती किती, भात किती वाट्या, डाळ किती वाट्या, भाजी, दूध-दही, अंडे-मटण-मासे, फळ असे रकाने करायचे. शेजारी २०२४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेचा दोन हजार कॅलरींचा नमुना फळ्यावर लिहून दिला : धान्य २५० ग्रॅम, डाळी अथवा मांसाहार ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, भाज्या-फळे मिळून ५०० ग्रॅम, थोडे दाणे-तेलबिया, तेल २७ ग्रॅम. पहिल्या दोन दिवसांच्या वह्या पाहूनच मला घाम फुटला. चहा आणि खारी यांना रकाना नव्हता, तो मुलांनी स्वतःच आखला होता आणि सर्वांत भरलेला तोच होता. फळाच्या रकान्यात रेघा. भाजी म्हणजे बटाटा. शनिवारच्या रकान्यात वडापाव, रविवारी मटण.

एका घरातील भाऊ दहावीत, बहीण नववीत. भावानेही हौसेने वही केली होती. रविवारचे जेवण एकच, पातेले एकच. भावाच्या वहीत 'मटण ५ पीस', बहिणीच्या वहीत 'रस्सा-भात, १ पीस'. त्या घरात दारिद्र्य नाही, मुलीविषयी आकसही नाही. वडील तिला शिकविण्यासाठी धडपडणारे गृहस्थ आहेत. कुणी कधी मोजले नव्हते, इतकेच. त्या मुलीने वहीत आणखी एक रकाना काढला होता आणि वर 'अम्मी' असे लिहिले होते. मला विचारू लागली, "सर, अम्मी सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाते. ते वाटीत कसं लिहायचं?" जे प्रत्यक्ष खाल्ले तेच लिही, असे मी सांगितले. दुसऱ्या आठवड्याच्या वहीत अम्मीच्या रकान्यात रविवारी 'डाळ १ वाटी, २ पीस' अशी नोंद होती आणि खाली बारीक अक्षरात, 'मी वाढलं'.

नावे झाकून या वह्या यंदाच्या पालकसभेत टेबलावर मांडून ठेवणार आहोत. माता-पालकांनी अवश्य यावे. शक्य असल्यास वडिलांनाही बरोबर आणावे.